रिकाम्या बाटलीची परतवाट

व्याख्यान संपले म्हणजे मांडवाबाहेर चहा मिळतो. पूर्वी तो कपबशीतून मिळत असे, आता कागदी पेल्यातून मिळतो. आपण तो दोन घोटांत संपवितो, पेला चुरगळून कोपऱ्यातल्या पिंपात टाकतो आणि वक्त्याने काय सांगितले त्यावर बोलत बोलत घरची वाट धरतो. पिंप भरून वाहू लागते तेव्हा आपण तेथे नसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे जी बाई येते, ती किंवा तिच्यासारख्या पुष्कळ जणी आमच्या ओळखीच्या आहेत. ‘‘पेला तर कागदाचा आहे, मग बिघडले कोठे?’’ असे चांगले शिकलेले लोक आम्हांस विचारतात. तो नुसत्या कागदाचा नसतो. कागदात कढत चहा ओतला तर कागद भिजेल; म्हणून आतून प्लॅस्टिकचा पातळ थर चढविलेला असतो. त्यामुळे रद्दीवाला त्याला प्लॅस्टिक म्हणतो, प्लॅस्टिकवाला त्याला कागद म्हणतो, आणि दोघेही घेत नाहीत. ती बाई तो पेला उचलते, पण त्याचे तिला चार आणेही मिळत नाहीत.

ह्या पेल्याच्या जागी पुन्हा भांडे यावे, एकदा वापरून फेकण्याच्या वेष्टनाऐवजी पुनःपुन्हा भरता येईल असे वेष्टन यावे, अशी चळवळ आज जगात ठिकठिकाणी चालू आहे. ती कोठवर आली आणि कोठे अडली, हे आज सांगावयाचे आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे आणि निसर्गप्रेमी म्हणूनही आमची ख्याती नाही. आमचा ह्या विषयात शिरकाव झाला तो बाटल्या धुण्याच्या खात्यातून. आणि तेथे आमच्या हातून एक चूक झाली. म्हणून प्रारंभ तेथूनच करतो.

आमचे बालपण गिरणगावात गेले. १९८२ चा गिरणी संप झाला आणि पुढच्याच वर्षी आमची शाळा नववीत सुटली. नंतरचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, फुकट वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. १९९० नंतरच्या दशकात थंड पेयांच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्याचे काम आमच्याकडे आले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे बाटली काचेची होती आणि ती परत येत असे. गाडीतून खोकी उतरत. त्यांतल्या बाटल्यांत काय काय निघे ते विचारू नका. विडीची थोटके, उदबत्तीच्या काड्या, रॉकेल, कधी मेलेले झुरळ. असल्या बाटल्या आधी हाताने बाजूला काढावयाच्या. उरलेल्या कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात बुडत बुडत पुढे सरकत, तेथून फवाऱ्याखाली जात आणि मग पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढून एकामागून एक धावत. पडद्यासमोर एक माणूस बसे. तडा, डाग, कपची दिसली की बाटली उचलावयाची. त्या जागेवर अर्ध्या तासाच्या वर माणूस बसवू नये असा आमचा आग्रह होता, कारण पुढे त्याला बाटलीच्या जागी नुसती चमक दिसू लागते. कॉस्टिकने हात सोलत, फुटलेल्या काचेने तळवे कापत, आणि काचेवर काच आपटण्याचा आवाज इतका की घरी गेलेला कामगार बायकोशी ओरडूनच बोले. हे काम स्वर्गीय होते असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु ते काम होते. त्याला हजेरी होती, भविष्य निर्वाह निधी होता, आणि भांडावयास समोर मालक होता.

पुढे प्लॅस्टिकची बाटली आली. व्यवस्थापनाने आम्हांस बोलाविले आणि सांगितले की आता काच फुटणार नाही, हात कापणार नाहीत, कॉस्टिक वापरावे लागणार नाही. हे सारे खरेच होते. आम्ही पगारवाढ मागितली, हातमोजे मागितले, भरण्याच्या खात्यासाठी पंखे मागितले; ते सर्व मिळाले. धुण्याचे खाते बंद झाले. त्या कराराच्या कागदावर आमची सही आहे. यंत्र आले की माणसे कमी होणार, हा जुनाच प्रश्न आहे, असे आम्ही त्या वेळी समजत होतो. रिकामी बाटली आता कोठे जाणार हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. तीन-चार वर्षांनी त्या खात्यातल्या एका बाईंची भंगाराच्या गोदामात गाठ पडली. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची टोपणे आणि चिठ्ठ्या काढून त्या चेपण्याचे काम त्या किलोच्या भावाने करीत होत्या. आम्ही विचारले, ‘‘ताई, कसं काय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘काम बाटलीचंच आहे, भाऊ. हजेरी तेवढी गेली.’’

त्या दिवसापासून आमचा ह्या विषयाचा अभ्यास सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

भांडे पुन्हा वापरणे ही गोष्ट आपल्याकडे कोणी परदेशातून आणलेली नाही. गोटीच्या सोड्याची बाटली पाहा. ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये शोधून काढली हे खरे, पण तिला आपण आपलीच करून टाकली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाच्या रबरी कडीला घट्ट बसते. अंगठ्याने दाबली की सुटते. अशी बाटली करावयास महाग. तेव्हा दुकानदार ती घरी नेऊ देत नसे, समोर उभे राहून प्यावी लागे. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येई. पातळ पत्र्याचे टोपण आणि आतले दूध आपले, बाटली आरेची. पहाटे केंद्रावर आई आम्हांस रिकामी बाटली देऊन पाठवी आणि ‘पडलास तरी चालेल, बाटली पाडू नको’ असे बजावी. रिकामी दिल्यावाचून भरलेली पदरात पडत नसे. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करीत आले आहेत. डबा सकाळी घरून निघतो आणि संध्याकाळच्या आत रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. आपण डबेवाल्याला महिन्याचे पैसे देतो त्यांत जाण्याचे भाडे किती आणि परत येण्याचे किती, असा हिशेब आजवर कोणी मागितला आहे काय? दोन्ही मिळूनच ते काम आहे.

आणि सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या स्वयंपाकघरात उभे आहे. गॅसचे सिलिंडर! देशात तीस कोटींहून अधिक घरांत ते आहे. ते आपल्या मालकीचे नाही. जोडणी घेताना आपण त्यापोटी डिपॉझिट, म्हणजे अनामत, भरलेली असते. रिकामे दिल्याशिवाय भरलेले मिळत नाही. त्याच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे रंगविलेले असतात. ते पुढच्या तपासणीची मुदत दाखवितात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, असे ‘डी’पर्यंत, आणि पुढे वर्ष. भांडे किती वेळा फिरले, ते अजून धड आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी कंपनीने घेतली आहे, कारण भांडे तिचे आहे. उद्या कोणी म्हणाले की गॅस फेकाऊ सिलिंडरातून देऊ, वापरून झाले की उकिरड्यावर टाका, तर आपण त्यास वेड्यात काढू. पण पाण्याच्या बाबतीत, दुधाच्या बाबतीत, चहाच्या बाबतीत हीच गोष्ट घडली आणि आपण तिला सोय म्हटले.

येथे एक बारीक मुद्दा आहे तो नीट समजून घेतला पाहिजे. पुनर्वापराचा विचार करताना लोक भांड्याकडे पाहतात: काच चांगली की पोलाद चांगले की जाड प्लॅस्टिक. आमचे म्हणणे असे की भांड्याकडे मागाहून पाहावे, आधी परतवाट पाहावी. रिकामे भांडे कोणी उचलावयाचे, कोठे आणावयाचे, कोणी धुवावयाचे, आणि ह्या तिघांचे पैसे कोणी द्यावयाचे? ह्या प्रश्नांची उत्तरे नसतील तर काचेची बाटलीही फेकाऊच होते. आणि एकदाच वापरून फोडलेली काच ही तर फार वाईट, कारण ती वितळविण्यास प्रचंड जाळ लागतो आणि वजन वाहून नेण्यास डिझेल. काच परवडते ती फेऱ्यांवर. जर्मनीतली पाण्याची काचेची बाटली पन्नासपर्यंत फेऱ्या करते असे तेथील लोक सांगतात.

ही परतवाट तुटली कशी? त्याची कथा अमेरिकेत सापडते. तेथेही बाटली परत जात असे. १९३५ मध्ये बिअर पत्र्याच्या डब्यातून विकावयास प्रारंभ झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फेकाऊ डबे-बाटल्यांचा पूर आला. फेकलेल्या बाटल्यांना कंटाळून व्हर्मांट राज्याने १९५३ मध्ये परत न घेतल्या जाणाऱ्या बाटलीतून बिअर विकण्यास बंदी घातली. त्याच वर्षी डबे, बाटल्या आणि पेये करणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘अमेरिका सुंदर ठेवा’ अशा अर्थाच्या नावाची संस्था स्थापन झाली. कचरा करणारा नागरिक हाच दोषी, असा तिच्या प्रचाराचा रोख राहिला. व्हर्मांटचा कायदा १९५७ मध्ये मुदत संपून गेला. कंपन्यांना फेकाऊ बाटली का प्रिय झाली हे आम्ही आमच्याच कारखान्यात पाहिले आहे. बाटली परत घ्यावयाची तर कारखाना गिऱ्हाइकाजवळ पाहिजे, गावोगावी धुण्याची खाती पाहिजेत, रिकाम्या खोक्यांसाठी गोदाम पाहिजे. बाटली परत घ्यावयाची नसेल तर एकच मोठा कारखाना चारशे मैलांवर माल पाठवू शकतो. मालकाच्या वहीतून धुण्याचा खर्च पुसला गेला. तो नाहीसा मात्र झाला नाही. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आणि कचरावेचक बाईच्या पाठीवर जाऊन बसला. ‘स्वस्त’ ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की पैसे दुसऱ्या कोणी भरले.

आता चळवळीने काय मिळविले ते पाहू. ह्यात जर्मनीचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे; त्यात यश आहे आणि फसगतही आहे.

जर्मनीत झऱ्यांचे पाणी बाटलीत भरणाऱ्या कंपन्यांचा एक सहकारी संघ आहे. १९६९ मध्ये ह्या संघाने ठरविले की सर्वांनी मिळून एकच बाटली वापरावयाची. ग्युंटर कुपेट्झ नावाच्या आरेखकाने ती घडविली. वरच्या भागावर बुडबुड्यांसारखे काचेचे मणी आहेत, म्हणजे ओल्या हातातून ती निसटत नाही. ह्यातली खरी करामत मण्यांत नाही. बाटली सर्वांची एकच असल्यामुळे ती मूळ कारखान्याकडे परत नेण्याची गरज उरली नाही. जेथे रिकामी झाली त्याच्या जवळच्या कारखान्यात ती जावी, तेथे धुऊन भरावी, वरची चिठ्ठी बदलावी. चिठ्ठी कंपनीची, बाटली सर्वांची. प्रत्येक बाटलीवर १५ सेंट अनामत आणि बिअरच्या साध्या बाटलीवर ८ सेंट. दुकानदार रिकामी घेतो आणि पैसे परत करतो. पुढे काही कंपन्यांना आपल्या बाटलीचा आकार निराळा, दिमाखदार असावा असे वाटू लागले. ज्या त्या बाटलीस ज्याच्या त्याच्या घरी पोचविण्याचे काम पुन्हा वाढले. मोठेपणाची हौस अशी महाग पडते.

फसगत झाली ती २००३ मध्ये. फेकाऊ डब्या-बाटल्यांवरही अनामत बसविली तर लोक कंटाळून फेर-भरणीच्या बाटलीकडे वळतील, ह्या अपेक्षेने १ जानेवारी २००३ पासून जर्मन सरकारने ती बसविली. आज ती २५ सेंट आहे, म्हणजे धुऊन भरावयाच्या बाटलीपेक्षा जास्त. परिणाम काय झाला? फेकाऊ बाटल्या जवळजवळ साऱ्या परत येऊ लागल्या, रस्ते स्वच्छ झाले. पण परत आलेली ती बाटली धुतली जात नाही. दुकानातले यंत्रच तिचा चेंदामेंदा करते आणि ती वितळविण्यास जाते. लोकांना वाटले, आपण बाटली परत दिली, म्हणजे तिचा पुनर्वापर झाला. दुकानदारांना स्वस्त प्लॅस्टिक बाटली अधिकच सोयीची झाली. पेयांत फेर-भरणीच्या बाटल्यांचा वाटा तेव्हा साठ टक्क्यांच्या वर होता, तो पुढे चाळीस-बेचाळीसच्या घरात उतरला. २०१९ च्या कायद्यात ७० टक्क्यांचे उद्दिष्ट लिहिले आहे, ते कागदावरच आहे. आणखी एक गंमत: फेकाऊ बाटलीची जी अनामत कोणी परत मागत नाही, ती रक्कम व्यापाऱ्यांकडे व भरणाऱ्यांकडेच राहते. गोळा झालेली बाटली आणि पुन्हा भरलेली बाटली ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने ध्यानात घेतले त्याला ह्या विषयातले अर्धे समजले.

त्यानंतर जर्मनीने दुसरी बाजू धरली. १ जानेवारी २०२३ पासून, जी उपाहारगृहे बाहेर नेण्याचे अन्न प्लॅस्टिकच्या फेकाऊ डब्यातून देतात त्यांनी परत घेण्याजोगे भांडेही ठेवले पाहिजे आणि त्यासाठी जादा किंमत लावता कामा नये, असा कायदा लागू झाला. पाच किंवा कमी नोकर असलेल्या छोट्या दुकानांस सवलत आहे. मात्र गिऱ्हाइकाने आपले भांडे आणले तर त्यात भरून द्यावे लागते. कायदा झाला तरी भांडे मागणारा थोडाच, कारण फेकाऊ डबा शेजारीच फुकट ठेवलेला. ट्युबिंगेन ह्या विद्यापीठाच्या गावाने म्हणून एक वेगळी गोष्ट केली. १ जानेवारी २०२२ पासून तेथे फेकाऊ पेला किंवा ताटली द्यावयाची तर नगाला ५० सेंट आणि काटे-चमच्यांना २० सेंट नगरपालिकेचा कर. एका बड्या खाद्यपेढीच्या स्थानिक चालकाने दावा लावला. तो देशाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि कर वैध आहे असा निकाल जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. त्याच महिन्यापासून कोन्स्टान्झ ह्या दुसऱ्या गावानेही कर सुरू केला. लहान गावाच्या नगरपालिकेने एवढे धाडस करावे ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. आमच्याकडे नगरपालिका कचऱ्यावर वर्षाकाठी किती खर्च करते, हे नगरसेवकालाही विचारून पाहावे लागते.

युरोपीय संघाने सर्व सभासद देशांसाठी वेष्टनांचा नवा कायदा केला. तो ११ फेब्रुवारी २०२५ ला अंमलात आला आणि प्रत्यक्ष लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६ अशी ठरली. २०३० पर्यंत पेयांच्या वेष्टनांपैकी निदान १० टक्के पुनर्वापराची असावीत असे त्यात आहे. दहा टक्के हा आकडा ऐकून नाक मुरडू नये. मूळ मसुद्यातले पुष्कळ काही कागदी डबेवाल्यांच्या आणि खाद्यपेढ्यांच्या दडपणाने गळून हे उरले आहे.

पेल्यांच्या बाबतीत दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात २०२४ च्या ऑगस्टपासून तीन महिने तीसहून अधिक उपाहारगृहांनी मिळून पुन्हा वापरण्याचे पेले दिले. गिऱ्हाइकाकडून काहीही अनामत घेतली नाही; गावभर परतीच्या पेट्या ठेवल्या. जवळजवळ अर्धे, म्हणजे ५१ टक्के पेले परत आले. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात जानेवारी २०२४ पासून असाच प्रयोग सुरू झाला, पण तेथे पेल्यामागे ५ क्रोनर अनामत घेतली आणि यंत्रात पेला घातला की पैसे लगेच खात्यात परत. वर्षभरात तेथे पाचांपैकी चारांहून अधिक पेले परत येऊ लागले. माणसे तीच, पेलाही तसाच. जो पेला दोनदाच वापरला जातो तो जाड असल्यामुळे कागदी पेल्यापेक्षाही अधिक नासाडी करतो, म्हणून हा फरक जीवघेणा आहे. पेटालुमाच्या लोकांनी अर्धे पेले प्रामाणिकपणे परत आणले ह्याचे आम्हांस खरे तर आश्चर्यच वाटते. आमच्या वार्षिक सभेतून स्टीलचे पेले नाहीसे होतात, आणि तेथे तर सारे सभासद!

आता आपल्याकडे वळू. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्या गेल्या, काही काळ तरी गेल्या. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही चमचे, काड्या, ताटल्या, पेले अशा ठरावीक वस्तूंवर बंदी घातली. बंदीने फेकाऊ प्लॅस्टिकच्या जागी फेकाऊ कागद आला; फेकण्याला बंदी झाली नाही. पण २०१८ च्या त्या अधिसूचनेत एक कलम होते त्याची आठवण फार थोड्यांना असेल. दुधाच्या पिशवीवर निदान ५० पैसे परतखरेदीची किंमत छापावी आणि रिकामी पिशवी आणून देणाऱ्यास ते पैसे मिळावेत, असे ते कलम होते. श्रोत्यांपैकी ज्यांना कधी ते ५० पैसे मिळाले असतील त्यांनी हात वर करावा असे आम्ही जेथे जेथे बोललो तेथे तेथे म्हटले. अजून एकही हात वर आलेला नाही. कारण सरळ आहे. पिशव्या परत घेणार कोण? दुधाच्या केंद्रावरचा पोऱ्या पहाटे चारला उठतो, सातला मोकळा होतो. आंबूस वासाच्या पिशव्या मोजून घेण्याचे कोणी त्याला काय देणार, ह्यावर त्या कलमात अक्षर नव्हते.

२०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम केले. कडक प्लॅस्टिकच्या भांड्यांपैकी काही भाग पुन्हा वापरलाच पाहिजे असे त्यांत प्रथमच आले. सुमारे एक लिटर ते पाच लिटर, नेमके म्हणजे ०.९ ते ४.९ लिटर, मापाच्या भांड्यांस २०२५-२६ मध्ये १० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत २५ टक्के. त्याहून मोठ्या भांड्यांस ७० पासून ८५ टक्के. चांगली गोष्ट आहे. परंतु मोठे पाण्याचे जार तर आधीपासूनच परत जातात. त्यांस ७० टक्के सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला पोहावयास सांगणे होय. आणि जी भांडी गटारे तुंबवितात, ती अर्ध्या लिटरची बाटली, एक रुपयाची शॅम्पूची पुडी, चिवड्याचे चमकते पाकीट, त्यांच्या पुनर्वापराबद्दल हे आकडे मुके आहेत.

प्रत्यक्ष परतवाट बांधण्याचा मोठा प्रयोग झाला तो तमिळनाडूत, आणि तो दारूच्या बाटलीवर. दारूचे नाव ह्या व्यासपीठावर घेतल्याबद्दल ज्येष्ठांनी क्षमा करावी. निलगिरीच्या जंगलात फुटलेल्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापले जातात, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून मे २०२२ पासून त्या जिल्ह्यात सरकारी दुकानांतून बाटलीमागे १० रुपये जादा घेऊ लागले. रिकामी बाटली आणली की १० रुपये परत. बाटल्या भराभर परत येऊ लागल्या. ज्याला दहा रुपयांची पर्वा नाही तो टाकून जातो, पण ती उचलून आणणारा दुसरा कोणी असतोच. पुढे ही योजना एकेक जिल्हा करीत वाढली. केरळनेही सप्टेंबर २०२५ पासून काही दुकानांत २० रुपये अनामतीचा प्रयोग मांडला. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली.

तमिळनाडूत दुकानांतल्या कामगारांनी मात्र विरोध केला, निदर्शने केली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळ सज्जनांना त्याचा राग आला: पाहा, एवढे चांगले काम आणि हे युनियनवाले आडवे पडतात! त्यांचे म्हणणे काय होते ते ऐका. प्रत्येक भरलेल्या बाटलीवर चिकटपट्टी लावावयाची, ती कामगाराने. परत आलेली बाटली तपासावयाची, मोजावयाची, पैसे द्यावयाचे, ते कामगाराने. उष्टी, वास मारणारी बाटली त्याच खोलीत ठेवावयाची, जेथे भरलेल्या खोक्यांनाच जागा पुरत नाही. आणि ह्या साऱ्यासाठी पुरेशी जादा माणसे नाहीत. आमच्या मते योजनाही बरोबर आहे आणि कामगारही बरोबर आहेत. दहा रुपये बाटलीचे ठरविताना बाटली घेणाऱ्या हाताचे काय, हे ठरविले नाही एवढाच दोष. अनामतीच्या रकमेतला काही भाग कोणी परत नेत नाही, तो साचतो. त्यातून मजुरी द्यावी, बाटल्यांसाठी वेगळी खोली घ्यावी, वेगळा माणूस नेमावा. महाराष्ट्राला हे समजणे कठीण पडू नये. बाजारपेठेतल्या पोत्यामागे हमालीबरोबर लेव्ही घ्यावी आणि तिच्यातून हमालाची रजा, बोनस, म्हातारपण सांभाळावे, ही व्यवस्था आपण १९६९ च्या माथाडी कायद्याने करून दाखविली आहे. पोत्याच्या जागी रिकामे भांडे घाला, आराखडा तयार आहे.

आणखी एक पक्ष आहे, आणि त्याच्याविषयी पुनर्वापराच्या सभांत फारसे कोणी बोलत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावातच काच आहे. त्याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम चालविले. कचरावेचक बाईच्या कमाईत प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीला मान आहे. चिवड्याच्या पाकिटाला आणि कागदी पेल्याला काहीही नाही. आता अनामतीने किंवा पुनर्वापराने ही बाटली तिच्या पोत्यातून काढून घेतली आणि पाकीट व पेला तेवढा तिच्यासाठी ठेवला, तर रस्ता स्वच्छ होईल आणि तिची चूल विझेल. म्हणून परत आलेली भांडी मोजण्याचे, वाहण्याचे, धुण्याचे काम द्यावयाचे तेव्हा पहिला हक्क तिचा, असे आम्ही म्हणतो. प्लॅस्टिकविषयीच्या जागतिक कराराच्या वाटाघाटींतही कचरावेचकांच्या प्रतिनिधींनी जाऊन आपल्या उपजीविकेचा प्रश्न मांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनेव्हाला ती बैठक करार न होताच उठली.

आम्ही सही केली त्या कराराची प्रत अजून आमच्या ट्रंकेत आहे. आज तसा करार पुढे आला तर आम्ही काय मागू, हे तरुण कार्यकर्ते विचारतात. पगारवाढ मागूच. पण त्याबरोबर धुण्याच्या खात्याला हवा, उजेड, चांगले हातमोजे, तपासणीच्या पडद्यावर यंत्राचा डोळा मागू आणि खाते चालू ठेवा म्हणू. जे काम वाईट होते ते सुधारण्याऐवजी आम्ही ते जाऊ दिले.

गेल्या मे दिनाच्या सभेत आम्ही कागदी पेले बंद केले. तीनशे स्टीलचे पेले भाड्याने आणले आणि धुण्यासाठी दोन बायका ठरविल्या. हिशेब मांडताना खजिनदारांनी हरकत घेतली, कारण कागदी पेल्यांपेक्षा खर्च जास्त झाला होता. तो जास्तीचा खर्च म्हणजे त्या दोघींची मजुरीच होती. शिवाय एकोणीस पेले परत आले नाहीत, त्यांची भरपाई द्यावी लागली. ह्या वर्षी मजुरी तेवढीच ठेवावयाची आणि पेल्यामागे दहा रुपये अनामत घ्यावयाची असे ठरले आहे. चहाच्या टेबलाशी सुटे पैसे घेऊन कोणी बसावयाचे, ह्याबद्दल मात्र कार्यकारिणीत अद्याप एकमत झालेले नाही.